बकुळ विमानात बसायला शिकते

सकाळचे साडेसहा. कोथरूडमधलं एक घर. जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक, जवळजवळ मांडल्या आहेत. मागच्या खुर्चीत ताई बसल्यात. त्यांना दिसत नाही. त्यांच्या पायांशी, जेमतेम दीड हात जागेत, बकुळ अंगाचं मुटकुळं करून पडली आहे. बकुळ म्हणजे ताईंची वाटाडी, लॅब्रेडोर. पुढच्या महिन्यात दोघी लोहगावहून विमानाने दिल्लीला निघणार आहेत.

स्वयंपाकघरात आई मिक्सर लावतात. पाठोपाठ कुकरची शिट्टी. बकुळचे कान हलतात, डोकं मात्र जागचं हलत नाही. पहिल्या आठवड्यात ती शिट्टी ऐकली की ताडकन उठायची.

अंधांसाठी कुत्र्यांना वाटाडे म्हणून तयार करणारी पहिली शाळा १९१६ साली जर्मनीत, ओल्डेनबुर्गला निघाली; महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी. आपल्याकडे असे श्वान अजून फार थोडे. त्यामुळे ताईंना नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. प्रशिक्षित श्वानाला विमानात मालकाजवळ बसू देण्याची तरतूद नियमांत आहे. मदत हवी असल्याचं विमान कंपनीला ४८ तास आधी कळवायचं. रेबीजच्या लशीची नोंदवही ताईंनी आत्ताच पर्समध्ये टाकून ठेवली आहे.

पण कागद दाखवून बकुळला धीर येणार नाही. सुरक्षा तपासणीत हार्नेसच्या, म्हणजे तिच्या अंगावरच्या दांडा लावलेल्या पट्ट्याच्या, बकलमुळे यंत्र वाजणार, आणि अनोळखी हात तिच्या पोटाखालून फिरणार. म्हणून शेजारचे काका रोज संध्याकाळी येतात. आधी हाताचा वास घेऊ देतात, मग पाठ, पोट, पंजे चाचपतात. बकुळ उभी राहते. शेपटी अगदी हळू हलते. सगळ्या तयारीत मला हेच सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण इथे माणूसही शिकतो आहे.

रविवारी गर्दीची सवय म्हणून शिवाजीनगर स्टेशन. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." फलाटावर ताई अंदाज चुकून म्हणतात, "चल." बकुळ पुढे जात नाही. ती ताईंच्या गुडघ्यांना अंग टेकवून आडवी उभी राहते. धोका दिसला तर हुकूम मोडायचा, हेही तिला शिकवलेलं असतं. फलाटाची कड दोन पावलांवर आहे.

लोणावळा लोकल धडधडत आत येते. ताईंचा हात हार्नेसच्या दांड्यावर तसाच.

"शाब्बास, बाळा."