पातळ प्लाय चिकटवताना दाब जातो कुठे?

हे बघा, ४ एमएमचे दोन प्लाय एकमेकांवर चिकटवलेत, चारी बाजूंनी सी-क्लॅम्प कचकचून आवळलेत, आणि तरी मधोमध बोटाने टकटक केलं की पोकळ वाजतंय. मधे ग्लूने धरलंच नाहीये.

क्लॅम्पचा दाब त्याच्या तोंडापासून साधारण ४५ अंशात पसरत खाली जातो. जाड फळी असली की तळाला पोचेपर्यंत तो चांगला रुंद होतो, पण ४ एमएममधे पसरायला जागाच कुठे आहे, त्यामुळे जिथे क्लॅम्प तिथेच दाब, आणि अजून आवळलं तर प्लायला खड्डा पडतो तो वेगळाच.

म्हणून क्लॅम्प आणि प्लायच्या मधे जाड लाकडी पट्ट्या घ्यायच्या, दीड-दोन इंचाच्या, वर आणि खाली जोडीने. आता खरी गंमत इथे आहे, पट्टीची प्लायकडची बाजू रंध्याने दोन्ही टोकांकडे हलकी उतरती करायची, मधे दीडेक एमएमचा फुगवटा राहू द्यायचा. मग टोकांना क्लॅम्प आवळत गेलं की पट्टी सरळ होत जाते, दाब आधी मधे बसतो आणि जास्तीचा ग्लू कडांकडे निघून येतो. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात जास्त पटते. पट्टीला पॅकिंग टेप मात्र लावाच, नाहीतर तीपण प्लायसोबत चिकटून बसेल.

ओल्या ग्लूवर प्लाय सरकतो, त्यासाठी कापून टाकायच्या कडेत दोन बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारून ठेवा. आणि सगळं आधी कोरडं लावून बघा, कारण पांढरा ग्लू पसरल्यावर हातात पाच-दहा मिनिटंच असतात.

नुसतं वजन ठेवलं तर? ६० बाय ६० सेंमीच्या पॅनलवर ५० किलोचं पोतं ठेवलं तरी दर चौरस सेंटीमीटरला फक्त १४ ग्रॅम येतात. तोच पॅनल व्हॅक्यूम बॅगेत घालून बरीचशी हवा ओढून घेतली की बाहेरची हवा जवळजवळ ३ टनांनी दाबते, तेही सगळीकडे सारखं.

कडेला कड जोडायची असेल तर बार क्लॅम्पने, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत दाबणाऱ्या लांब दांड्याच्या क्लॅम्पने, पातळ प्लाय तंबूसारखा वर उठतो. मग तो तंबूच वापरायचा, दोन्ही बाहेरच्या कडांना टेबलावर पट्ट्या ठोकायच्या, सांधा किंचित वर उचललेला ठेवायचा, आणि ग्लू लावून हाताने खाली दाबला की कडा आपोआप एकमेकींवर घट्ट बसतात, वर एक वजन ठेवलं की झालं.