मांडी घालता येते का?

सांगलीकर मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘हाडाचा कर्करोग आणि आपला परिसर’. परिसराकडे येतोच. आधी एका मुलाच्या बसण्याबद्दल बोलू द्या, ती गोष्ट मनातून जात नाही.

तासगावकडचा मुलगा, १५ वर्षांचा, खो-खो खेळणारा. मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या अगदी वर, ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग. १९७०च्या आधी अशा मुलांचा पाय कापत, तरी पाचातली चार जात. कारण रोगाचे कण आधीच फुप्फुसात पोचलेले असत. केमोथेरपी आली आणि चित्र पालटलं. आज रोग पसरायच्या आत सापडला तर दहातली सहा-सात मुलं जगतात, बहुतेकांचा पायही राहतो. याचाही राहिला. रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवला.

दोन वर्षांनी तपासणीला आला. अशा ऑपरेशननंतर हात-पाय कितपत काम देतो हे मोजायला जगभर आम्ही एमएसटीएस नावाची १९९३ची मोजपट्टी वापरतो. पायासाठी सहा बाबी: वेदना, कामकाज, मनानं स्वीकारलंय का, काठीचा आधार, किती चालतो, चाल कशी. प्रत्येकी ५, एकूण ३०. याला २७ पडले. मी खूश. आई दाराशी घुटमळली. म्हणाली, “डॉक्टर, चालतोय झकास. पण पंगतीला बसत न्हाई. आजीच्या वर्षश्राद्धाला ताट घिऊन आत खाटेवर एकटाच जेवला.”

पट्टीवर हा प्रश्नच नाही. मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का, काही नाही. जरा हात वर करा, आज सकाळपासून कोण कोण जमिनीवर बसलंय? बघा, निम्मं सभागृह! मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा, भोपळ्याला तबली बसवणारा कारागीर दिवसभर खालीच बसलेला असतो. त्याचा गुडघा वाकला नाही तर त्याचा धंदा बसला. भांगलणीला जाणाऱ्या बाईचं तेच.

हा प्रश्न आपल्याकडे कुणाला सुचलाच नाही असं नाही. १९६८च्या सुमाराला जयपुरात रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट हे कृत्रिम पाऊल घडवलं. परदेशी पाऊल बुटाशिवाय चालत नव्हतं, त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं. यांनी पाऊलच असं केलं, की अनवाणी शेतात जाता यावं, मांडी घालता यावी. माझं म्हणणं एवढंच: कापलेल्या पायासाठी जे विचारलं, ते वाचवलेल्या पायासाठीही विचारा. ऑपरेशनच्या आधी विचारा, कारण कोणतं हाड, कोणता सांधा, किती स्नायू राखायचे, हे तेव्हाच ठरतं. बिजागरीसारख्या धातूच्या सांध्याला पूर्ण वाकणं झेपणार नसेल, तर घरच्यांना तसं आधी सांगा, म्हणजे पंगतीत एक पाट उंच मांडता येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. परिसर.

आई-बाप विचारतात, फवारणीमुळे झालं का? उसावरच्या औषधानं? या रोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि बहुतेक मुलांत बाहेरचं कारण सापडतच नाही. पक्कं ठाऊक असलेलं कारण म्हणजे किरणोत्सार. १९२०च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीत घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली रेडियमच्या रंगाचा कुंचला ओठांनी टोकदार करत. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, हाडात जाऊन बसतं. त्यांच्यातल्या कित्येकींना हाडाचे कर्करोग झाले. बाकी, वाढीच्या वयात गुडघ्याजवळ हाड सर्वांत जोरात वाढतं, आणि रोगही तिथंच जास्त दिसतो. पडल्यानं तो होत नाही, पडल्यावर लक्ष जातं इतकंच.

शेवटचं, आणि घाईत असलो तरी हे लिहून घ्या. वाढत्या मुलाचा गुडघा रात्री ठणकत असेल, सूज वाढत असेल, तर चोळू नका, मालिश नको. एक्स-रे काढा. तपासणीसाठी गाठीचा तुकडा वाटेल त्यानं काढू नये. ज्यानं पुढं ऑपरेशन करायचं त्याच्या सल्ल्यानंच काढावा, कारण सुई जिथून गेली तो मार्गही नंतर कापून काढावा लागतो. जागा चुकली, तर वाचणारा पाय जातो. हं, आता प्रश्न घेतो.