पंचगंगेचे गणित

पावसाळ्यात कोल्हापूरची सकाळ एका आकड्याने सुरू होते: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे? ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैमध्ये तिने तीही पातळी ओलांडली. पाणी आज कुठे आहे ते मोजपट्टी दाखवते; उद्या ते कोणत्या गल्लीत शिरेल, हे मात्र गणितानेच काढावे लागते.

वाहत्या पाण्याची ही समीकरणे फ्रेंच अभियंते सँ-व्हेनाँ यांनी १८७१ मध्ये मांडली. ती संगणकावर सोडवायची, तर प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या खोऱ्यावर चौकोनांची जाळी पसरावी लागते आणि प्रत्येक चौकोनात किती पाणी आले, किती बाहेर गेले, याचा हिशेब काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करावा लागतो. चौकोनाची बाजू १०० मीटरवरून ५० वर आणली, की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट घ्यावे लागतात आणि काम आठपट वाढते. म्हणून अनेक संगणक एकत्र जोडून हे ओझे वाटून द्यावे लागते.

तरीही नुसत्या वेगाने उत्तर बरोबर येत नाही. ऑगस्टमध्ये नदीकाठी माणसापेक्षा उंच ऊस उभा असतो आणि तो पाण्याची वाट अडवतो. किती अडवतो, हे सांगणारा गुणांक समीकरणात घालावा लागतो, आणि तो ठरवायला उसाचा अभ्यासक, भूगोलाचा प्राध्यापक आणि स्थापत्य अभियंता यांना गणितज्ञासोबत एका टेबलाशी बसावे लागते. विद्यापीठातील संगणकीय विज्ञानाचे मोल या टेबलाशी कळते, यंत्रांच्या खोलीत नव्हे, असे आम्हांला मनापासून वाटते.

संगणकावर गणित मांडण्याचे हेच तंत्र इतर विषयांनाही उपयोगी पडते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पदार्थांच्या पातळ थरांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. असा थर प्रयोगशाळेत चढवण्याआधी त्यातील इलेक्ट्रॉनांची घनता गणिताने काढून कोणते मिश्रण करून पाहण्याजोगे आहे, याचा अंदाज घेता येतो. या पद्धतीच्या विकासासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुरालेखागारातील मोडी कागद यंत्राने वाचावेत असे वाटत असेल, तर जाणकाराने आधी असंख्य अक्षरे स्वतः ओळखून द्यावी लागतात.

पुराचे गणित मांडणारी विद्यार्थिनी संध्याकाळी आपले काम एकत्र जोडलेल्या संगणकांच्या रांगेत लावते आणि सकाळी आलेला नकाशा वहीशी ताडून पाहते. वहीत गावोगाव फिरून टिपलेल्या खुणा आहेत: भिंतीवरची गाळाची रेघ, बुडालेली जिन्याची पायरी. एका घरापाशी नकाशात पाणी वीतभर कमी दिसते. ती उसाचा गुणांक थोडा वाढवते आणि काम पुन्हा रांगेत लावते.