तीन धर्मप्रांतांचा एक, आणि विभागाविभागाचा बिशप

बंधुभगिनींनो,

20 एप्रिल 2014 हा पुनरुत्थानाचा रविवार होता. त्या दिवशी उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्ड, वेकफिल्ड आणि रिपन-लीड्स हे तीन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, धर्मप्रांत (एकेका बिशपच्या देखरेखीखालचे प्रदेश) कायद्याने संपले आणि तिन्ही मिळून एक झाला. आज तो लीड्सचा धर्मप्रांत म्हणून ओळखला जातो.

आपल्याकडचा प्रवास उलट दिशेने झाला. 1837 मध्ये मुंबईचा धर्मप्रांत झाला, 1929 मध्ये त्यातून नाशिकचा वेगळा निघाला. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, अँग्लिकन परंपरा इतर मंडळ्यांबरोबर एकत्र आली, आणि त्यानंतरही धर्मप्रांतांची वाटणी होतच राहिली. बिशप लोकांच्या जवळ हवा, हे त्यामागचं नेहमीचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. यॉर्कशायरमध्येही हेच म्हणणं होतं. उपाय मात्र त्यांनी अगदी निराळा काढला, म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो आहे.

रिपनचा धर्मप्रांत (पुढचा रिपन-लीड्स) 1836 मधला, वेकफिल्डचा 1888 मधला, ब्रॅडफर्डचा 1919 मधला. कापडगिरण्या वाढल्या, शहरं फुगली, तशा या हद्दी पडत गेल्या. पुढे गिरण्या बंद झाल्या, 1974 मध्ये सरकारने वेस्ट यॉर्कशायर नावाचा नवा परगणा केला, पण चर्चच्या हद्दी होत्या तिथेच राहिल्या. लीड्स हे त्या भागातलं सर्वांत मोठं शहर. त्याच्या बिशपचं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, मात्र चाळीसेक किलोमीटर दूर, रिपन या लहानशा गावात. शिवाय तिन्हीकडे वेगळी कार्यालयं, वेगळी अर्थमंडळं. चर्चच्या डायोसिसेस कमिशनने, म्हणजे धर्मप्रांतांची रचना पाहणाऱ्या आयोगाने, 2010 मध्ये अहवाल दिला, आणि त्यातून एकत्रीकरणाचा आराखडा पुढे आला.

आता इथे कोणीही विचारील की तीन बिशपांच्या जागी एक आला, तर बिशप लोकांपासून लांबच गेला ना? हा प्रश्न रास्त आहे, आणि सगळ्या रचनेचा जीव त्याच्या उत्तरात आहे. नव्या धर्मप्रांताचे पाच विभाग पाडले: ब्रॅडफर्ड, हडर्सफिल्ड, लीड्स, रिपन आणि वेकफिल्ड. विभागाला विभागीय बिशप, आणि त्याच्या जोडीला त्याच विभागाचा आर्चडीकन, म्हणजे कारभारात बिशपला साथ देणारा वरिष्ठ पाळक. लीड्स शहराच्या विभागाची व्यवस्था बसायला थोडा वेळ लागला; आज तिथल्या बिशपला कर्कस्टॉलचे बिशप म्हणतात. जुन्या तीन धर्मप्रांतांत मुख्य आणि साहाय्यक मिळून पाच बिशप होते. नव्या एका धर्मप्रांतात मुख्य बिशप धरून सहा झाले. कमी झाली ती कार्यालयं आणि मंडळं. मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे काटकसर करायची झाली की आधी खेड्यातला पाळक कमी होतो आणि मुख्यालय तसंच राहतं.

विभागीय बिशप हा नुसता मदतनीस नाही. त्याचे अधिकार लेखी सोपवलेले असतात. पॅरिशला, म्हणजे स्थानिक मंडळीला, नवा पाळक हवा असेल तर ते काम तो आणि आर्चडीकन पाहतात. दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीला, तोच येतो. पाळक आजारी पडला, मंडळीत भांडण झालं, तर लोक त्याच्याच दाराशी जातात. पैसा, मालमत्ता, शाळा यांचा कारभार एकत्र. लंडनच्या धर्मप्रांताने 1979 पासून अशीच विभागीय पद्धत चालवली आहे, त्यामुळे हे अंधारात मारलेलं पाऊल नव्हतं.

विभाग वेगवेगळे आहेत, म्हणून माणसंही तशी निवडता येतात. ब्रॅडफर्ड शहरात 2021 च्या जनगणनेनुसार सुमारे तीस टक्के लोक मुस्लिम आहेत. तिथले पहिले विभागीय बिशप टोबी हॉवर्थ यांनी हैदराबादेत राहून इस्लामचा अभ्यास केलेला होता. हडर्सफिल्डच्या नावाचा बिशप पूर्वी कधी नव्हताच; 2023 मध्ये तिथे स्मिता प्रसादम आल्या, मूळच्या दक्षिण भारतातल्या. त्याआधी 2022 मध्ये भारतीय वंशाचे अरुण अरोरा कर्कस्टॉलचे बिशप झाले. रिपनच्या विभागात मेंढ्यांची कुरणं आणि विरळ वस्तीच्या दऱ्या. तिथे एका पाळकाकडे अनेक चर्चेस असतात. एकाच माणसाने हे सगळं जवळून ओळखावं अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

हे सुखासुखी झालं असं मात्र समजू नका. मार्च 2013 मध्ये तिन्ही धर्मप्रांतांच्या सिनॉडांनी, म्हणजे निर्णय घेणाऱ्या सभांनी, मतदान केलं. ब्रॅडफर्ड आणि रिपन-लीड्स हो म्हणाले. वेकफिल्डने स्पष्ट बहुमताने नकार दिला. तरीही यॉर्कचे आर्चबिशप जॉन सेंटामू यांनी आपला अधिकार वापरून आराखडा जनरल सिनॉडपुढे, म्हणजे सगळ्या चर्चच्या सभेपुढे, जाऊ दिला, आणि जुलैमध्ये तो मंजूर झाला. कायद्याने हे योग्य होतं. माझं मन मात्र वेकफिल्डच्या नकारापाशी अडतं. आपलं कॅथेड्रल, आपला बिशप, आपली शंभरावर वर्षांची ओळख जाणार, ही भीती खोटी नव्हती. तिला उत्तर म्हणून रिपन, वेकफिल्ड आणि ब्रॅडफर्ड ही तिन्ही कॅथेड्रलं समान दर्जाने ठेवली गेली. तिघांचा खर्च जड जातो, पण तो करायलाच हवा होता.

आणखी एक गोष्ट. तिन्ही मुख्य बिशपांची पदं या आराखड्याने रद्द झाली. निक बेन्स ब्रॅडफर्डचे बिशप होते. त्यांनी याला पाठिंबा दिला, म्हणजे स्वतःचं पद संपवायलाच पाठिंबा दिला. पुढे त्यांचीच लीड्सला नेमणूक झाली, पण ती नवी नेमणूक होती.

आपल्या धर्मप्रांतांत पुनर्रचनेचा विषय निघेल तेव्हा माझी मागणी एवढीच राहील: हद्दीचा नकाशा काढण्याआधी विभागाच्या प्रमुखाला कोणते अधिकार मिळणार ते कागदावर लिहा, तो कागद प्रत्येक मंडळीत उपासनेनंतर वाचून दाखवा, आणि मत त्यानंतर घ्या.