इंजिन बांधायचं की बदलायचं? आधी मोजू द्या

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

सांगली जिल्ह्यात गेली सव्वीस वर्षं मी ट्रॅक्टरची इंजिनं खोलतो आणि बांधतो. साखर कारखान्याचे बॉयलर पेटले की आठवड्याला एक तरी ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून माझ्या दारात येतो. मालक उतरतो आणि चहा यायच्या आत विचारतो, "हे बांधायचं, की नवीनच टाकायचं?"

त्या वेळी मी उत्तर देत नाही. काहींना राग येतो. फडात ट्रॉली भरून उभी, तोडणीची टोळी बसून, मुकादमाचे फोनवर फोन. ही घाई मला कळते. पण बाहेरून आवाज ऐकून कुणी आकडा सांगत असेल, तर तो अंदाज असतो. अंदाजावर एवढा पैसा लावू नका. इंजिन खोलू द्या, धुऊ द्या, मोजू द्या. त्याला दोन दिवस लागतात, ते द्या.

मागच्या जानेवारीत वाळवा तालुक्यातले एक काका आले. ऑइलचा दिवा दोन दिवस लुकलुकत होता, ड्रायव्हरला वाटलं वायरिंगचा फॉल्ट. मग ठकठक सुरू झाली, तरी भरलेली ट्रॉली तशीच पाच-सहा किलोमीटर ओढत काट्यावर नेली. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या खालचं ऑइलचं भांडं, खोलला तर ऑइलमध्ये चमक, बोटावर घेतली की जरीसारखी. दोन नंबरच्या पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, जिथं जोडतो तिथलं बिगेंड बेरिंग वितळून क्रँकला चिकटलं होतं. क्रँकचं जर्नल, म्हणजे बेरिंग बसतं ती जागा, निळं, रॉडचं टोकही निळं. पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं. कोयत्याला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, जाळात टाकल्यावर उतरतं ना, तसंच हे.

मायक्रोमीटर लावला. क्रँक आधीच अर्धा मिलिमीटर घासलेला होता. आणखी पाव मिलिमीटर घासूनही चर निघणार नव्हते, आणि कितीही घासलं तरी उतरलेलं पाणी काही परत येत नाही. क्रँक बाद, रॉड बाद. काका म्हणाले, "मग टाका नवीन इंजिन, मिटवा एकदाचं."

मी म्हटलं, काका, थांबा. ब्लॉक अजून मोजायचाय.

मंडळी, माझ्या मते खरा निर्णय इथं होतो. क्रँक, रॉड, पिस्टन, पिस्टन ज्यात वरखाली होतो तो लाइनर, हे सगळं दुकानात मिळतं. ब्लॉक हा इंजिनाचा पाया. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं मेन बेरिंग जागेवरच फिरलं असेल तर ते ब्लॉकमधली आपली बैठक खातं. मग सगळ्या मेन बोअर एका रांगेत आणायला लाइन बोअरिंग करावं लागतं, आणि ते करणारा कसलेला माणूस जवळपास हवा. लाइनर जिथं बसतो ती कड झिजली आहे का, हे मोजून कळतं; पाण्याच्या जागेत तडा आहे का, हे दाब देऊनच कळतं. रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडली असेल तर मी सहसा हात जोडतो. बिडाला वेल्डिंग मारून बाहेरचं भोक बुजेल, पण आत बोअरची रांग हलली असेल तर नवा क्रँकही मोकळा फिरणार नाही. तिथं इंजिन बदला, किंवा कंपनीचा हाफ इंजिन, म्हणजे क्रँक-पिस्टन बसवलेला हेडविना ब्लॉक, मिळत असेल तर तो घ्या.

काकांचा ब्लॉक शाबूत निघाला. मेन बोअर मापात होते. आता हिशोब मांडायचा. क्रँक, रॉड, बेरिंगं, लाइनर-पिस्टन सेट, हेडचं काम, डिझेल पंप आणि नोजल तपासणी, मजुरी. ही बेरीज नव्या इंजिनाच्या साठ टक्क्यांच्या वर जाऊ लागली की मी स्वतःच बांधू नका म्हणतो. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक धड आहेत का, हेही बघा. खिळखिळ्या ट्रॅक्टरात नवं इंजिन घालून उपयोग नाही. काकांची बेरीज निम्म्याच्या आत बसली.

भंगारातलं जुनं इंजिन स्वस्त पडतं म्हणून बरेच जण घेतात. ते आत कसं आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही. शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. ती नसेल तर विम्याच्या वेळी अडकता.

पण माझा जीव खरा अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. बेरिंग गेलं कशानं? ऑइल तर पातळीला होतं. ऑइल पंपाची जाळी काढली आणि उत्तर हातात आलं. कुणीतरी आधी चेंबर बसवताना गळती थांबवायचा सिलिकॉन भरमसाट लावला होता. जास्तीचा आत पिळला गेला, त्याचे तुकडे सुटले आणि जाळीवर सायीसारखे बसले. पंप फिरतोय, पण त्याला ऑइलच मिळत नाही. हे न बघता हाफ इंजिन घालून तोच चेंबर, तीच जाळी लावली असती, तर नवा क्रँकही त्याच वाटेनं गेला असता. म्हणून ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून, आत ब्रश घालून धुवायला लावा. शक्य असेल तर समोर उभे राहा. जुने सुटे भाग मागून घ्या, ते तुमचे आहेत.

काकांचं इंजिन आम्ही बारा दिवसांत बांधलं. पहिले पन्नास तास जड नांगरट नको म्हणून सांगितलं, पण नुसतं उभं ठेवून चालवणंही नको, कारण थोडा लोड आल्याशिवाय पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत. त्यांनी मोकळ्या ट्रॉलीची कामं केली, थोडं शेणखत वाहिलं. पन्नास तासांनी ऑइल बदलायला आले. प्लग मी स्वतः काढला आणि घरातली पांढरी परात खाली धरली. ऑइल काळं होतं, डिझेल इंजिनात ते काळंच होतं. काका परातीवर वाकले, दोन बोटं बुडवली, उन्हात धरून फिरवून बघितली. जरीचा एक कणही नव्हता.