फॉल्सममधले श्रोते

१३ जानेवारी १९६८. कॅलिफोर्नियातला फॉल्सम तुरुंग. कैद्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये मंच मांडलाय, भोवती पहारेकरी. काळ्या कपड्यांतला उंचापुरा गायक माइकपाशी येतो आणि म्हणतो, "हॅलो, मी जॉनी कॅश."

कंट्री या अमेरिकी ग्रामीण वळणाच्या संगीतातला हा एकेकाळचा हुकमी माणूस तेव्हा घसरणीला लागला होता. गोळ्यांचं व्यसन, रद्द झालेले कार्यक्रम. तुरुंगांमध्ये जाऊन तो बरीच वर्षं कैद्यांसाठी गात होता, पण तिथे रेकॉर्डिंग करायला कंपनी राजी नव्हती. बॉब जॉन्स्टन हा नवा निर्माता आला आणि काम मार्गी लागलं.

'फॉल्सम प्रिझन ब्लूज' हे गाणं मात्र जुनं. अमेरिकी हवाई दलातर्फे जर्मनीत असताना कॅशने याच तुरुंगावरचा सिनेमा पाहिला आणि ते लिहिलं. चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्सच्या गाण्यातले. पुढे त्याची भरपाई द्यावी लागली. गाण्यातला कैदी सांगतो, मरताना बघायचं म्हणून मी एकाला गोळी घातली. रेकॉर्डवर या ओळीला जल्लोष उसळतो. तो खोटा आहे, नंतर स्टुडिओत जोडलेला! समोर पहारेकरी असताना खुनाच्या ओळीला दाद द्यायला कैदी काय खुळे होते?

खरं तर त्या जल्लोषाची गरजच नव्हती. फाशीला पंचवीस मिनिटं उरलेल्या माणसाच्या गाण्यावर हे लोक खदाखदा हसतात, मध्येच लाउडस्पीकरवरून कैद्यांचे नंबर पुकारले जातात. कॅशइतकीच ही रेकॉर्ड त्यांचीही आहे.

शेवटचं गाणं तर त्यांच्यातल्याच एकाचं. ग्लेन शर्ली, दरोड्याच्या गुन्ह्यातला कैदी. त्याने तुरुंगातल्या चर्चवर रचलेल्या गाण्याची टेप आदल्या रात्री कॅशच्या हाती पडली. रातोरात गाणं बसवलं. दुसऱ्या दिवशी शर्ली पुढच्याच रांगेत होता, आणि त्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

अल्बम कंट्री संगीताच्या खपाच्या यादीत पहिला आला. वर्षभरात कॅशने सॅन क्वेंटिन तुरुंगात दुसरा ध्वनिमुद्रित केला, पाठोपाठ ब्लूज गायक बी. बी. किंगने शिकागोच्या तुरुंगातली मैफल रेकॉर्डवर आणली. १९७२ साली तुरुंग सुधारणांबद्दल कॅशने अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहाच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. सोबत शर्ली होता, तुरुंगातून सुटलेला, कॅशच्या ताफ्यात गाणारा. बाहेरचं जग काही त्याला मानवलं नाही. कॅशपासून तो दुरावला आणि १९७८ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.