फॉन्ट बदलला की शब्दाशेजारी जागा का सुटते?

नमस्कार मंडळी!

बडोद्यात मराठी छापायचं म्हटलं की गुजराती सोबत येतेच. दांडिया बाजारातल्या मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका असो नाहीतर लग्नपत्रिका, एका ओळीत दोन लिप्या हमखास. आणि ते काम लाटेकमध्ये, म्हणजे कमांड लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत, करत असाल, तर हे नक्की बघितलं असेल.

[स्क्रीनवर पत्त्याची ओळ, मोठी करून]

मराठी मजकूर शोभिका फॉन्टमध्ये आहे. मधलं 'रावपुरा' तेवढं गुजराती लिपीत, मुक्ता वाणीमध्ये. त्याच्या आधी दुप्पट जागा सुटलीय, आणि पुढचा स्वल्पविराम नावाला चिकटायचा सोडून लांब जाऊन बसलाय. इथे बहुतेक जण फॉन्टला दोष देतात आणि दुसरा शोधायला लागतात. दुसरा लावून बघा. जागा थोडी कमीजास्त होईल, पण जाणार नाही.

कारण ती जागा आपल्या कोडमधून आलेली असते.

[स्क्रीनवर कमांडची व्याख्या]

फॉन्ट बदलणारी ही छोटी कमांड. वाचायला सोपी जावी म्हणून ओळी तोडून लिहिली आहे. पहिली ओळ उघडत्या महिरपी कंसावर संपते, दुसरी फॉन्टच्या कमांडवर, तिसरी बंद कंसावर. लाटेक ज्यावर उभं आहे त्या डोनल्ड क्नुथ यांच्या टेकचा नियम असा, की ओळ संपली म्हणजे एक स्पेस. कमांडच्या नावानंतर आलेली स्पेस मात्र टेक गिळून टाकतो. म्हणजे दुसरी ओळ निर्दोष. पहिलीची स्पेस 'रावपुरा'च्या आधी पडली, तिसरीची 'रावपुरा'नंतर. स्वल्पविराम लांब का गेला, ते आलं ना लक्षात?

मग तुम्ही विचाराल, फाइलमध्ये ओळीने दहा स्पेस दिल्या तरी एकच धरली जाते, मग इथे दोन कशा? ते एकत्र करणं फाइल वाचतानाच होतं. कमांडच्या पोटात आधीच जाऊन बसलेली स्पेस आणि तुम्ही बाहेर दिलेली स्पेस, या दोन्ही वेगळ्या मोजल्या जातात.

उपाय: स्पेस देणारी ओळ जिथे संपते, तिथे टक्क्याचं चिन्ह, %, लगेच चिकटवून द्या. त्यापुढचं सगळं, ओळीच्या शेवटासकट, टेक सोडून देतो.

कमांड लांबलचक असेल आणि चोर सापडत नसेल, तर अंदाज करत बसू नका, मोजा. फॉन्ट बदलणारा तेवढाच तुकडा, मजकूर न देता, एका एचबॉक्समध्ये, म्हणजे टेकच्या आडव्या चौकटीत, ठेवा आणि त्या बॉक्सची रुंदी लॉगमध्ये, म्हणजे टेक लिहितो त्या नोंदींच्या फाइलमध्ये, छापून घ्या. ती शून्यच यायला हवी. लाटेकच्या मूळच्या १० पॉइंटच्या फॉन्टमध्ये ३.३३ पॉइंट आली, तर नेमकी एक स्पेस घुसली आहे. मग एकेक ओळ काढत परत मोजा. मला ही पद्धत सगळ्यात खात्रीची वाटते. अनस्किप, म्हणजे आधीची जागा काढून टाकणारी कमांड, टाकून जागा खाऊन टाकायचा सल्ला काही जण देतात. मी देणार नाही, कारण तो तुम्हाला हवी असलेली जागाही खातो.

फॉन्ट लोड करायच्या ओळी दस्तऐवजाच्या सुरुवातीला, प्रिअँबलमध्येच ठेवा. तिथे परिच्छेद सुरूच झालेला नसतो, त्यामुळे स्पेस छापली जात नाही. त्याच ओळी परिच्छेदाच्या मध्ये आल्या की त्रास सुरू. फॉन्टस्पेकला, म्हणजे फॉन्ट लोड करणाऱ्या लाटेकच्या पॅकेजला, फॉन्टचे पर्याय देताना चौकोनी कंसात ओळी तोडल्या तर मात्र बिघडत नाही, तिथे % लागत नाही.

एके ठिकाणी तर % लावूच नका. कंसाविना नुसता आकडा ओळीच्या शेवटी आला असेल, तर त्यानंतरची स्पेस टेकला हवी असते. आकडा संपला हे त्याला तिथेच कळतं. % लावलंत आणि पुढची ओळ आकड्यानेच सुरू झाली, तर तो दोन्ही आकडे जोडून वाचेल.

हे सगळं करूनही जागा किंचित कमीजास्त दिसली, तर गुजराती शब्दाचा कंस तपासा. बंद कंसाच्या आत, शब्दानंतर, स्पेस राहिली असेल तर ती मुक्ता वाणीच्या मापाने पडते, कारण प्रत्येक फॉन्टची स्पेस आपापल्या रुंदीची असते. ती कंसाबाहेर काढा, म्हणजे मराठी ओळीतली जागा शोभिकाच्याच मापाने पडेल.